उचल त्यांची, खांदा आपला



या खेपेला जिल्हा बैठकीच्या अंकात कांदा नाही, ऊस नाही, वीजबिल नाही. या खेपेला विषय आहे परकीय चलनाच्या सट्ट्याचा. काही जण विचारतील, आपल्या बांधावर डॉलर कुठे उगवतो? उगवत नाही, पण त्याचा भाव आपल्या पट्टीवर उमटतो. १ आणि ३ जुलै १९९१ ला दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले, तेव्हा रुपयाचा खोटा चढा भाव हा शेतमालावरचा छुपा कर कसा होता, हे आपण शिबिराशिबिरांतून शिकलो. कापूस, सोयाबीन, द्राक्ष यांचा गावातला भाव ठरताना डॉलर तिथे हजर असतोच.

पण आज लिहायचे कारण वेगळे आहे. डॉलर आता आडत्याच्या पट्टीतून येत नाही, पोराच्या मोबाइलमधून थेट घरात येतो, आणि जाताना घरातले पैसे घेऊन जातो.

भोईवाड्यातली एक रात्र

परळचा भोईवाडा आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिला आहे तो मुंबई बघायला जाऊन नव्हे. टाटा आणि केईएम ही दोन्ही रुग्णालये तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. गावचा पेशंट घेऊन जायचे आणि चाळीत कुणा मामाकडे, चुलत्याकडे अंग टाकायचे, हा आपला रिवाज. आम्हीही असेच एका पेशंटबरोबर गेलो होतो. घर एका जुन्या गिरणी कामगाराचे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात गिरणीबाहेर पडलेला हा माणूस पुन्हा आत गेला नाही. खटाव तालुक्यातला त्यांचा भाचा नोकरीच्या शोधात तिथे राहत होता.

रात्री जेवणे झाली, अंथरुणे पडली, तरी पोरगा गॅलरीत मोबाइलकडे बघत बसलेला. मामा म्हणाले, "झोप की रे आता." तो म्हणाला, "मामा, लंडनचा बाजार चालू आहे." मामांना वाटले पोरगं थट्टा करतंय. सकाळी त्याचा चेहरा पाहिला तेव्हा कळले, थट्टा नव्हती. गावाकडे बापाने आले विकले होते. त्या पट्टीतले सव्वा लाखाच्या आसपास रुपये, म्हणजे १,५०० डॉलर, पोराने एका परदेशी म्हणवणाऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये भरले होते. रात्रीत ९५० डॉलर गेले. उरलेले ५५० काढायला गेला, तर आधी 'कर' भरा असा निरोप आला.

त्या कंपनीचे नाव आम्ही छापत नाही. पाटी बदलते, धंदा तोच राहतो. आपल्याला धंदा समजून घ्यायचा आहे.

हिशेब मांडून पाहू

पोराने आम्हाला सांगितले, "लिव्हरेज एकास शंभर मिळते. म्हणजे आपल्या एका डॉलरला शंभर डॉलरची ताकद." ही ताकद काय आहे, ते पाटीवर मांडू.

या बाजारात युरोचा एक पूर्ण लॉट म्हणजे १,००,००० युरो. युरोचा भाव १.१००० डॉलर असेल, तर सौद्याची किंमत १,१०,००० डॉलर. एकास शंभर या हिशेबाने त्यासाठी अडकवायची रक्कम, म्हणजे मार्जिन, १,१०० डॉलर. पोराच्या खात्यात १,५०० होते. १,१०० अडकले, ४०० मोकळे राहिले. भाव शेवटच्या चौथ्या घरात एकाने हलला, म्हणजे १.१००० चा १.०९९९ झाला, तर त्याला एक पिप म्हणतात. पूर्ण लॉटवर एका पिपला १० डॉलर.

आता भाव ४० पिप खाली येऊ द्या. ४०० डॉलर गेले, खात्यात १,१०० राहिले. शिल्लक आणि अडकलेली रक्कम सारखी झाली. इथे मार्जिन कॉल वाजतो: पैसे भरा, नाहीतर सौदा आवरा. आणखी ५५ पिप खाली या. खात्यात ५५० राहिले, म्हणजे अडकवलेल्या रकमेच्या निम्मे. पुष्कळ ठिकाणी हीच शेवटची रेषा असते. इथे यंत्र कुणालाही न विचारता सौदा तोडते. भाव १.१००० वरून १.०९०५ झाला, म्हणजे शंभर रुपयांच्या वस्तूत ८६ पैशांचा फरक पडला. एवढ्याशा फरकात बापाच्या पट्टीतले शंभरातले त्रेसष्ट रुपये गेले.

शेतीच्या भाषेत सांगायचे तर दोन एकर जमीन तारण लिहून दिली आणि दोनशे एकर मक्त्याने घेतली. दोनशे एकरांच्या पिकात शंभराला एक इतकी तूट आली, की आपली दोन एकर संपली. शहाणा कुणबी असा मक्ता घेईल का? आणि कुणी घेतला, तर गाव त्याला ताकदवान म्हणेल की वेडा?

शिवाय सौद्याच्या दोन भावांत, घेण्याच्या आणि विकण्याच्या, फरक असतो. तो दीड पिप धरला, तरी एका पूर्ण लॉटला १५ डॉलर होतात. १,५०० च्या खात्यातून हा शेकडा एक झाला. दहा वेळा सौदा केला, की भाव हलो न हलो, शेकडा दहा दलालाच्या घरात. रात्रभर सौदा ठेवला, तर दोन चलनांच्या व्याजदरांतला फरक लावतात, आणि तो आपल्या १,१०० वर लावत नाहीत, पूर्ण १,१०,००० वर लावतात. जाहिरातीत ताकद शंभरपट लिहिलेली असते. खर्चही शंभरपट रकमेवर बसतो, हे कुणी लिहीत नाही.

हा विसार नव्हे

पोराच्या डोक्यात मार्जिन म्हणजे विसार असे बसले होते. आपल्या सगळ्यांची हीच गफलत होते. जमिनीचा विसार दिला आणि व्यवहार फिसकटला, तर फार तर विसार जातो. खरेदीखताच्या तारखेपर्यंत आपल्याला मुदत असते. मधल्या काळात जमिनीचा भाव चार दिवस पडला, म्हणून कुणी रात्री दोन वाजता येऊन व्यवहार मोडत नाही.

मार्जिनला अशी मुदत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी युरो परत १.१००० वर आला होता. पोराचा अंदाज चुकला नव्हता, तरी पैसे गेले, कारण भाव परत येईपर्यंत थांबायचा हक्क त्याच्याकडे उरला नव्हता.

भावांनो, ही गोष्ट ओळखीची वाटत नाही का? सोयाबीन दसरा-दिवाळीला घरात येते तेव्हा भाव पडलेला असतो. फेब्रुवारीत तो चढेल हे आपल्यालाही कळते. पण सोसायटीचा तगादा, दुकानदाराची उधारी आणि पोरीचे लग्न थांबू देत नाही. आपण अडाणी म्हणून स्वस्तात विकत नाही, आपण कर्जात म्हणून स्वस्तात विकतो. तोच मार आता पोराला मिनिटांच्या हिशेबाने बसतो. आपल्याला दिवाळी वर्षातून एकदा येते, त्याला दिवसातून चार वेळा.

म्हणून आम्ही लिव्हरेजला ताकद म्हणत नाही. आपल्याकडे त्याला चांगला शब्द आहे, उचल. ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याला विचारा उचल म्हणजे काय. हातात पैसे येतात आणि पाय बांधले जातात.

उचल वाईट नाही, तिची अट पाहा

इथे कुणी म्हणेल, म्हणजे कर्जच पाप आहे असे तुमचे म्हणणे. मुळीच नाही. साखर कारखाने कर्जावर उभे राहिले, विहिरी कर्जावर खणल्या. प्रश्न कर्ज थांबण्याची सवड देते की हिरावून घेते, हा आहे.

शेतमाल तारण कर्ज योजना घ्या. राज्य कृषी पणन मंडळाची ही योजना १९९०-९१ पासून चालू आहे. सोयाबीन, तूर, हरभरा यांसारखा माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचे, व्याज वर्षाला ६ टक्के, मुदत १८० दिवस. इथे शंभराचा माल ठेवून पंचाहत्तर मिळतात. ॲपवर एक ठेवून शंभर मिळतात. पहिली उचल सहा महिने थांबायला देते, दुसरी सहा तासही देत नाही. पहिली मिळवायला हेलपाटे घालावे लागतात, दुसरी घरबसल्या पाच मिनिटांत मिळते. यातच सगळे आले.

हे दुखणे नवे नाही

मुंबईत आणखी एक भोईवाडा आहे, भुलेश्वरचा. तिथून काळबादेवीचे कॉटन एक्स्चेंज जवळच. आणि परळच्या भोईवाड्यापासून शिवडीकडे गेले, की कॉटन ग्रीन लागते. वऱ्हाड-खानदेशचा कापूस याच शहरात येऊन साठला, इथेच त्याचे वायदे झाले. उचलीवरच्या सौद्याने काय होते, हे या शहराने फार पूर्वी दाखवून दिले आहे.

१८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या कापसावर आल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन करू म्हणणारी बॅक बे कंपनी निघाली. पाच हजार रुपये भरलेल्या तिच्या शेअरला पन्नास हजारांपर्यंत भाव गेला. पदरी पैसे नसलेल्यांनीही वायद्याचे सौदे केले, देणे-घेणे १ जुलै १८६५ ला. एप्रिलमध्ये अमेरिकेतली लढाई संपली, कापूस कोसळला, शेअर त्याच्यामागे गेले. १ जुलै उजाडला तेव्हा देणाऱ्याजवळ काही नव्हते, म्हणून घेणाऱ्यालाही काही मिळाले नाही. बाजाराचा राजा म्हणवणारे प्रेमचंद रायचंदही त्यात बुडाले. शेअर तारण धरून कर्जे वाटणारी बँक ऑफ बॉम्बेही बुडाली.

मुंबईतली माणसे बुडाली त्याचा इतिहास झाला. खेड्यात तेजीच्या काळात सावकाराने हात सैल सोडला होता. भाव पडल्यावर तोच हात गळ्याशी आला. मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी उठले, त्यांनी सावकारांची खते-वह्या जाळल्या. नगर जिल्ह्यातही तेच झाले. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला.

त्या शेतकऱ्याला निदान जाळायला खत तरी सापडले. आजच्या पोराचे खत कुठल्या देशातल्या संगणकात आहे, हे त्यालाही माहीत नाही.

समोर बसलेला कोण?

रीतसर एक्स्चेंजवर सौदा झाला, की मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभे राहते. दोन्ही बाजूंकडून मार्जिन घेते, रोज संध्याकाळी हिशेब चुकता करते. तिथे मार्जिन म्हणजे सगळ्यांनी मिळून घातलेला बांध. एकाने बुडवले, तरी दुसऱ्याच्या शेतात पाणी शिरत नाही.

त्या ॲपवर असे मधले कुणी नसते. पुष्कळदा कंपनी स्वतःच सौद्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेली असते. पोराचे ९५० डॉलर गेले ते बाजारात गेले नाहीत, कंपनीच्या गल्ल्यात गेले. काट्यावर वजन करणारा, भाव सांगणारा आणि माल घेणारा एकच. आपण बाजार समितीत याविरुद्ध आंदोलने केली, आणि पोरे तोच काटा खिशात घेऊन हिंडतात.

बांध नीट असला तरी पूर येतो, हेही ऐका. १५ जानेवारी २०१५ ला स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने युरोला १.२० फ्रँकचा आधार देणे एकाएकी बंद केले. मिनिटांत फ्रँक उसळला. सौदे तोडायला यंत्रे धावली, पण मधल्या भावाला घेणाराच नव्हता. लोकांची अनामत गेलीच, वर देणे निघाले. लंडनची अल्पारी ही दलाल कंपनी त्या धक्क्यात नादार झाली. पुढे २०१८ ला युरोपच्या नियामकाने सामान्य माणसाला मोठ्या चलनांत एकास तीसपेक्षा जास्त उचल द्यायला मनाई केली. त्या वेळी त्यांनीच सांगितले, की अशा सौद्यांत शंभरातली ७४ ते ८९ खाती तोट्यात जातात. श्रीमंत युरोप आपल्या माणसाला तीसपटीवर अडवतो. आपल्या पोराला मात्र शंभरपट, पाचशेपट असे आमिष दाखवतात.

घरचा आकडाही घ्या. सेबीने सप्टेंबर २०२४ ला शेअरबाजाराच्या वायदे-ऑप्शनचा तीन वर्षांचा हिशेब दिला. एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक. कायद्यातल्या बाजारात ही गत, तर कायद्याबाहेरच्या बाजारात काय होत असेल?

कायदा काय म्हणतो, सरकार काय करते

परकीय चलनाचे सौदे १९९९ च्या फेमा कायद्याखाली रिझर्व्ह बँकेच्या अधिकृत संस्थांशीच करता येतात, आणि यंत्रावर करायचे तर मान्यता दिलेल्या एक्स्चेंजवर किंवा मंचावरच. मार्जिन भरायला परदेशी पैसे पाठवायला मनाई आहे. कायदा मोडला, तर रकमेच्या तिपटीपर्यंत दंड, आणि तो आपल्याच पोराला. ३ मे २०२४ पासून एक्स्चेंजवरही ज्याचा डॉलरशी खरा व्यवहार आहे त्यालाच हे सौदे करायची मुभा आहे. सप्टेंबर २०२२ ला रिझर्व्ह बँकेने मान्यता नसलेल्या ३४ नावांची यादी काढली, पुढे तीत भर पडत गेली.

म्हणजे नाशिकचा द्राक्ष निर्यातदार, ज्याचे युरो तीन महिन्यांनी यायचे आहेत, त्याने बँकेत भाव बांधून घेतला, तर ते शहाणपण आहे. त्याच्या सौद्यामागे माल आहे. आमचा विरोध वायद्याला नाही, आणि हे ठासून सांगायला हवे. कारण दर वेळी शहरातला सट्टा बुडतो आणि गळा कापतात तो शेतमालाच्या वायद्याचा. १९६० च्या दशकात कापसाच्या वायद्यावर बंदी आली, ती तीस वर्षे हटली नाही. डिसेंबर २०२१ ला सोयाबीन, हरभरा, गहू, मूग यांच्यासह सात मालांचे वायदे थांबवले, मग मुदतवाढीवर मुदतवाढ. कारण काय, तर महागाई. ज्याच्या घरात माल आहे त्याला पुढचा भाव बांधायची बंदी, आणि ज्याच्या घरात काहीच नाही त्याला शंभरपट उचल देणाऱ्याला मोकळे रान! या न्यायाला काय म्हणायचे?

पोराला शिव्या देऊन काय होणार?

बैठकीत कुणी उठून म्हणेल, पोरे लोभी झाली, कष्ट नकोत. आम्ही हे मान्य करत नाही. ज्या पोराने बापाला तोट्याची शेती करताना पाहिले, दहा नोकऱ्यांना अर्ज केले आणि चाळीच्या गॅलरीत रात्री काढल्या, त्याला कुणी तरी सांगितले की तूही लंडनच्या बाजारात बसू शकतोस. त्यात लोभापेक्षा लाचारी जास्त आहे. सांगणाराही परका नसतो. गावचाच मित्र, ज्याला आणलेल्या प्रत्येक खात्यामागे कमिशन मिळते. 'क्लास' चालवणारा तर सौदे करून नाही, फी घेऊन गाडी घेतो.

पण पोरांनो, तुम्हालाही एक सांगतो. शेतीत आपण बुडतो तेव्हा निदान जमीन राहते, कडबा राहतो. तिथे बुडालात, की स्क्रीनवर शून्य राहते.

बैठकीपुढे ठेवायचे ठराव

एक, प्रत्येक तालुका शिबिरात वरचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवायचा. मांडणारा शक्यतो तरुण असावा.

दोन, पीककर्ज, बियाण्याचे पैसे आणि मालाची पट्टी यांतला एक रुपयाही उचलीच्या सौद्यात जाणार नाही, हे घराघरांत बोलून ठरवायचे. मायबहिणींनी यात पुढाकार घ्यावा, कारण शेवटी मंगळसूत्र त्यांचे मोडते.

तीन, फसलेल्याने लाजून गप्प बसायचे नाही. १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करायची, आणि कार्यकर्त्याने त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात जायचे.

चार, सरकारकडे मागणी: बेकायदा ॲपची यादी मराठीत प्रत्येक बँक शाखेत आणि ग्रामपंचायतीत लावा, शेतमाल तारण कर्ज मागेल त्याला वेळेत द्या, आणि ज्याच्याजवळ माल आहे त्याच्यासाठी शेतमालाचे वायदे खुले करा.

कुणी उचल देऊ केली, की तीन प्रश्न विचारायचे. पैसे कुणाचे? तारण काय? आणि भाव पडला, तर थांबायची मुदत किती? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर उठून यायचे.

भोईवाड्याच्या नावातला भोई पालखी वाहायचा. आत बसलेला शेटजी ठरवायचा कुठे जायचे आणि किती वेगाने जायचे. ठेच मात्र भोयाच्या पायाला लागायची. तो मामा सकाळी भाच्याला एवढेच म्हणाला, "गिरणीत आम्ही दुसऱ्याचा माल वाहिला, पण आपण वाहतोय हे आम्हाला ठाऊक होते. तुला वाटले तू पालखीत बसलायस."

भावांनो, पालखीत कोण आणि खांद्यावर कोण, हे आधी बघा.